'हीव्ह' म्हणजे नुसतं 'उचलणं' का?

पांझराकाठ
मंडळी, शंका छोटीशी आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून धागाच काढला.

मी धुळ्याजवळ एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. अकरावीला भाषांतरासाठी एक वाक्य दिलं होतं: 'द पोर्टर्स हीव्हड द सॅक ऑन्टू द ट्रक.' बहुतेकांनी लिहिलं, 'हमालांनी पोतं उचलून ट्रकमध्ये ठेवलं.' दोघांनी 'फेकलं' लिहिलं. एका मुलाने मात्र लिहिलं, 'हमालांनी हय्या करून पोतं ट्रकवर घातलं.' मी 'हय्या करून'खाली लाल रेघ मारली आणि अर्धा गुण कापला. मूळ वाक्यात हय्या कुठे आहे?

पेपर हातात घेताना तो काही बोलला नाही. नुसता हसला. ते हसू काही मला पचलं नाही. घरी येऊन शब्दकोश काढला, तर 'लिफ्ट' म्हणजे उचलणे, 'रेझ' म्हणजे उचलणे, 'हॉइस्ट' म्हणजे वर उचलणे, आणि 'हीव्ह' म्हणजे जोर लावून उचलणे. सगळ्यांना एकाच दावणीला बांधलंय.

तर प्रश्न दोन. 'हीव्ह'ला मराठीत नेमकं एक क्रियापद आहे का? आणि माझा अर्धा गुण बरोबर कापला गेला का?

तिखट_शेव
अर्धा गुण परत द्या. धागा संपला. चला शेवभाजी खायला.

शब्दवेडा
संपला कसा, आत्ता तर सुरू झालाय.

'लिफ्ट' इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्स भाषेतून. तिथे त्याचं नातं 'हवा, आकाश' या अर्थाच्या शब्दाशी आहे. म्हणजे लिफ्ट करणं हे मुळात 'हवेत नेणं'. 'हीव्ह' मात्र इंग्रजीचा घरचा शब्द. जुन्या इंग्रजीत 'हेब्बान', जर्मनमध्ये आजही 'हेबन'. आणि 'हेवी' हा शब्द त्याच कुळातला. हातावर तोलून वजनाचा अंदाज घेणं याला 'हेफ्ट' म्हणतात, तोही त्यांचाच भाऊबंद.

म्हणून 'लिफ्ट'च्या पोटात हवा आहे आणि 'हीव्ह'च्या पोटात वजन. पिसाला लिफ्ट करता येतं, हीव्ह नाही करता येत.

शंकासूर
'हेवी' आणि 'हीव्ह' एका कुळातले म्हणताय, मग आपला 'हेल' आणि 'हेलकरी' पण त्यातलेच असणार! पाण्याच्या हेला घालणारा तो हेलकरी. सगळं मराठीतूनच गेलंय बघा तिकडे.

शब्दवेडा
@शंकासूर, आवाज जुळला म्हणजे सोयरीक जुळली असं नसतं हो. 'हीव्ह'च्या कुळात लॅटिनमधला 'पकडणे, धरणे' या अर्थाचा धातू सापडतो. हेलकऱ्याला तिथे आमंत्रण नाही.

यार्डातला
मी मार्केट यार्डात एका आडत्याकडे दिवाणजी आहे, एकवीस वर्षं झाली. इंग्रजी आपलं बेताचं. पण पोतं कसं चढतं ते सांगू शकतो.

मी लागलो तेव्हा ज्वारीचं पोतं क्विंटलचं असायचं. दोघं समोरासमोर उभे राहायचे. एका हातात पोत्याचा कान, दुसरा हात बुडाखाली. तिसरा गडी पाठ देऊन वाकलेला, डोक्यावर बारदानाची खोळ. आता नीट बघा. पहिला झोका रिकामा जातो. पोतं जमिनीपासून वीतभर सुटतं आणि परत येतं. दुसऱ्या झोक्याला वजनाचा अंदाज अंगात येतो. तिसऱ्या झोक्याला 'हां!' आणि पोतं पाठीवर. त्या 'हां'च्या आधी कोणी उचललं तर त्याची कंबर जाते, आणि नंतर उचललं तर जोडीदाराची.

पाठीवरचं पोतं ट्रकच्या फळक्यावर टाकताना परत तेच. वाकलेला गडी गुडघ्यातून एक हिसका देतो, वरचा कान धरून ओढतो.

तुमच्या त्या पोराने कधीतरी यार्डात उभं राहून हे बघितलेलं दिसतंय. मॅडम, हय्या वाक्यात नाही हे खरं. पण हय्या काढून टाकला तर पोतं जागचं हलत नाही.

रावेरी
यार्डातल्या भाऊंना +१. आता आमच्याकडची उलटी गोष्ट ऐका.

केळीचा घड वीस-पंचवीस किलोचा. वजन काही कमी नाही. पण कटाईवाला त्याला कधी झोका देणार नाही. खांद्यावर दुमडलेलं फडकं किंवा गादी, घड त्यावर अलगद घ्यायचा, बांधावरून चालत जायचं, गाडीत पानांच्या थरावर आडवा ठेवायचा. जरा आदळला की साल काळी पडते आणि व्यापारी भाव पाडतो. आमचे वडील नवीन मजुराला सांगायचे, 'पोर झोपलंय असं धर.'

म्हणजे सोपं आहे. केळी लिफ्ट करतात, ज्वारी हीव्ह करतात. जळगाव जिल्ह्यात दोन्ही मिळेल, या शिकायला.

पांझराकाठ
@रावेरी, हे उद्या वर्गात जसंच्या तसं सांगणार. परवानगी गृहीत धरते.

शंकासूर
सगळे भावनेच्या भरात वाहत चाललेत, म्हणून विरोधी बाकावर मी. भाषांतरात आवाज घालायला लागलो तर कुठे थांबायचं? 'ही सिप्ड द टी' म्हणजे 'त्याने फुर्र करून चहा प्यायला' का? मूळ वाक्यात जे नाही ते घालू नये. मॅडम, अर्धा गुण बरोबर कापलात.

आखाजी
@शंकासूर, चहाचा 'भुरका मारला' म्हणत नाही का तुम्ही? त्या भुरक्यात फुर्र आहेच की. मराठी कितीतरी क्रिया आवाजावरूनच करते. खुसखुसणे, धपापणे, कण्हणे, हुंदका देणे. इंग्रजीने जे क्रियापदात कोंबलंय ते आपण आवाजात ठेवलंय, एवढंच.

शंकासूर
भुरका मान्य. हार मान्य नाही.

वहाणा_हरवलेला
मधेच एक. क्विंटलचं पोतं एका माणसाच्या पाठीवर? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच शिफारस केली होती की प्रौढ पुरुष कामगाराने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोपर्यंत खाली आणावी. आपल्याकडे माथाडी, हमाल कामगारांचा कायदा १९६९ चा. मुळात 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आलाय. धाग्यात सगळे झोक्याचं कौतुक करताहेत, त्या झोक्याखालच्या मणक्याचं काय?

यार्डातला
बरोबर बोललात. ती माझ्या सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट. आता बहुतेक बारदान ५० किलोचं येतं. तेव्हाचे दोन गडी आजही यार्डाबाहेर चहाला भेटतात. एकाला सरळ उभं राहता येत नाही. आमच्याकडे अहिराणीत तो म्हणतो, 'वझं उचलस तो येगळा नि वझं मोजस तो येगळा, भो.' मोजणारा मी. त्यामुळे मला वर मान करून उत्तर देता येत नाही.

खलाशी_चाळीसगाव
वाचून गप्प बसलो होतो जरा वेळ.

विषयाकडे येतो. समुद्र न पाहिलेल्या खानदेशातून मर्चंट नेव्हीत गेलेला मी एक. जहाजावर 'हीव्ह' दिवसभर कानावर पडतो. दोराला जोर लावून ओढणं म्हणजे हीव्ह. सगळ्यांनी एका दमात ओढावं म्हणून पूर्वी 'हीव्ह हो' अशी आरोळी द्यायचे. म्हणजे मॅडम, ज्या शब्दाला तुम्ही हय्या नाही म्हणताय, त्या शब्दाचाच इंग्रजांनी हय्या केलाय!

आणखी एक मजा. जहाज धक्क्याला लागताना मनगटाएवढा जाड दोर किनाऱ्यावर फेकता येत नाही. म्हणून आधी एक बारीक दोरी फेकतात. तिच्या टोकाला वजनासाठी गाठीचा गोळा असतो. ती 'हीव्हिंग लाइन'. किनाऱ्यावरचा माणूस ती पकडतो आणि तिला बांधलेला जाड दोर मागून ओढून घेतो. इथे हीव्ह म्हणजे चक्क फेकणं. तेव्हा 'फेकलं' लिहिणाऱ्या दोघांना अगदी शून्य देऊ नका.

शब्दवेडा
वा! यावरून आठवलं, 'ही वॉज गिव्हन द हीव्ह हो' म्हणजे त्याला कामावरून काढलं. आणि त्याला मराठीत अगदी चपखल शब्द आहे: उचलबांगडी! चार जणांनी हातपाय धरून एखाद्याला उचलून नेणं ती उचलबांगडी. दोन्ही भाषांनी माणसाला हाकलायला उचलण्याचाच शब्द शोधला.

तिखट_शेव
आमच्याकडे 'उचल' घेतली की सहा महिने उचलबांगडीसुद्धा होत नाही. मुकादम जाऊच देत नाही, आगाऊ पैसे फिटेपर्यंत.

आखाजी
हसावं की रडावं कळेना.

नाडीपरीक्षा
वैद्यकीय कोपऱ्यातून दोन गोष्टी.

एक, उलटी. पोटात काही नसताना नुसतीच उबळ येते, तिला इंग्रजीत 'ड्राय हीव्ह्ज' म्हणतात. आमच्याकडे पेशंट सांगतात, 'डॉक्टर, कोरड्या ओकाऱ्या येताहेत.' 'उबळ' हा शब्द मला 'हीव्ह'च्या फार जवळचा वाटतो. आतून काहीतरी वर ढकललं जातंय, आणि त्यावर तुमचा ताबा नाही.

दोन, हृदय. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेकवून ठेवायचा. उजवा कप्पा जाड झाला असेल, तर प्रत्येक ठोक्याला हात वर उचलला जातो. डोळ्यांना दिसतो. याला 'पॅरास्टर्नल हीव्ह' म्हणतात. विद्यार्थी असताना मला हे पुस्तकातून कळत नव्हतं. शेवटी सरांनी माझा हात धरून एका म्हाताऱ्या बाईच्या छातीवर ठेवला. तेवढंसं हृदय, पण माझा अख्खा हात हलवत होतं. त्या दिवशी 'हीव्ह' कळला. 'लिफ्ट' म्हटलं असतं तर कळला नसता.

टापांचा_आवाज
सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला दरवर्षी जातो. दत्तजयंतीला सुरू होते ती. तिथे एका जुन्या व्यापाऱ्याने शिकवलं होतं: घोडा उभा असताना त्याच्या बरगड्यांच्या खालच्या कडेला बघ. तिथे एक तिरकी खाच दिसली तर समजायचं, ह्याला दम्याचा त्रास आहे. श्वास बाहेर टाकायला पोटाचे स्नायू सारखे जोर लावतात, म्हणून ते फुगतात आणि ती रेघ उठते. बहुतेक वेळा कारण बुरशी लागलेला, धुळीचा चारा.

नंतर कळलं, इंग्रजीत त्या आजाराचं नावच 'हीव्ह्ज', आणि त्या रेघेला 'हीव्ह लाइन'. त्या व्यापाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. खोटा घोडा मात्र त्याला कोणी कधी विकला नाही.

काळी_माती
मी स्थापत्य अभियंता. आमच्यात 'हीव्ह' उचलण्याचा नाही, उचललं जाण्याचा आहे.

खानदेशातली कापसाची काळी माती उन्हाळ्यात इतकी फाटते की भेगेत हात जातो. पहिल्या पावसाला तीच माती पाणी पिऊन फुगते. घराचा पाया उथळ असेल तर माती त्याला खालून वर रेटते. याला 'हीव्ह' म्हणतात. उन्हाळ्यात माती आकसते, पाया परत खाली बसतो. दोन-चार वर्षं हे चाललं की खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. घरमालक गवंड्याला शिव्या घालतो. गवंड्याने सिमेंट कमी घातलं असेलही, पण घर उचललंय मातीने.

यावर उपाय म्हणून जमिनीत खोल, बुडाशी कांद्यासारखा फुगीर खांब भरतात. वरची माती फुगली तरी तो फुगीर भाग खालच्या स्थिर थरात रुतून राहतो, घर वर येत नाही. या पद्धतीवर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने बरंच काम केलंय.

मॅडम, अर्ध्या गुणाबद्दल माझं मत नाही. पण 'माती फुगली' असं कोणी लिहिलं तर पूर्ण गुण द्या.

लेहहून
काळी मातीवाल्यांना सलाम. इकडे लडाखमध्ये तेच काम बर्फ करतो. जमिनीतलं पाणी वरच्या गोठणाऱ्या थराकडे खेचलं जातं, तिथे बर्फाच्या चकत्या तयार होतात आणि रस्ता खालून फुगून वर येतो. 'फ्रॉस्ट हीव्ह'. मी मूळचा नंदुरबारचा, त्यामुळे पहिल्याच हिवाळ्यात मला हीव भरलं आणि रस्त्याला हीव्ह.

तिखट_शेव
हाहाहा! हीव भरलं! धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. मॅडम, वर्गात कोणी 'हीव्ह'चा अर्थ 'थंडी' लिहिला तर त्याला पण अर्धा.

खडकाचा_खवय्या
भूगर्भशास्त्रात तर अजून गोंधळ. खडकाचा थर भेगेवर सरकला की त्या सरकण्याचा आडवा भाग म्हणजे 'हीव्ह', आणि उभा भाग म्हणजे 'थ्रो'. उचलण्याच्या शब्दाला आडवं करून ठेवलंय आमच्या लोकांनी. तापीचं खोरं अशाच खचलेल्या पट्ट्यातलं म्हणून शाळेत शिकलात ना, तिथे हे दोन्ही मोजता येतात.

शंकासूर
चला, आता उचलणं आडवंही झालं. मी उगाच भांडत होतो.

आखाजी
अजून एक राहिलं: 'हीव्ह अ साय'. याचं काय करायचं? वर्तमानपत्रात 'सुटकेचा निःश्वास सोडला' असतं. माझ्या माहेरी कोणी निःश्वास सोडताना मी ऐकलं नाही. आजी आखाजीला आलेल्या लेकी सासरी परत निघाल्या की ओट्यावर बसायची आणि 'हुश्श' करायची. आई म्हणायची, 'आईने उसासा टाकला.' 'टाकला' हे मला जास्त खरं वाटतं. उसासाही ओझ्यासारखा टाकावा लागतो.

शब्दवेडा
'सुटकेचा निःश्वास' इंग्रजीवरून आलाय असा माझाही संशय आहे. पण 'उसासा' हाही संस्कृत 'उच्छ्वास'चाच घरगुती चेहरा. त्यामुळे आजी आणि संपादक तसे लांबचे नातेवाईक.

आखाजी
लांबचेच राहू देत.

रावेरी
परत मूळ प्रश्नाकडे येऊ का? एक क्रियापद मागितलं होतं. 'पेलणे' कसं वाटतं? 'रेटणे'? 'उपसणे'?

यार्डातला
'पेलणे' म्हणजे उचलल्यानंतरचं. वजन अंगावर आल्यावर तोल सांभाळणं. 'रेटणे' पुढे ढकलायला. 'उपसणे' विहिरीतून, गाळातून. यातलं एकही तिसऱ्या झोक्याच्या क्षणाला लागू पडत नाही. त्या क्षणाला आमच्यात कोणी क्रियापद वापरतच नाही, 'हां' किंवा 'घे' म्हणतात.

पांझराकाठ
उशिरा आल्याबद्दल माफी, कालपासून पेपर तपासतेय.

आज त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, हय्या कुठून आणलास? तो म्हणाला, 'मॅडम, लिफ्ट दिलं असतं तर मी उचललं लिहिलं असतं. हीव्ह दिलं म्हणून.' मग म्हणाला, दर रविवारी तो बाबांबरोबर यार्डात जातो. कामाला नाही, डबा घेऊन. बाबा पोतं घेताना 'हां' म्हणतात आणि त्याच्या हातातला डबा आपोआप घट्ट धरला जातो.

मी लाल रेघेच्या बाजूला अर्धा गुण लिहिला आणि खाली सही केली. बातमी वर्गात पोचायला पाच मिनिटं लागली नाहीत. 'फेकलं' लिहिणारे दोघं आता स्टाफरूमच्या दाराशी उभे आहेत. खलाशी भाऊंनी त्यांना काही सांगितलं की काय?

खलाशी_चाळीसगाव
मी नाही! पण त्यांनी हीव्हिंग लाइनचं नाव काढलं तर द्या.

शंकासूर
गुण दिलात ते दिलात, एक सांगा. 'हीव्ह'चा भूतकाळ तुम्ही 'हीव्हड' दिलाय. मी कुठेतरी 'होव्ह' वाचलंय. मग 'द पोर्टर्स होव्ह द सॅक' चालेल का?

खलाशी_चाळीसगाव
'होव्ह' मुख्यतः जहाजाच्या बोलीत उरलाय. वादळात जहाजाचं तोंड वाऱ्याकडे ठेवून त्याला जवळपास थांबवून धरलं तर 'होव्ह टू'. क्षितिजावर जहाज दिसू लागलं तर 'होव्ह इन साइट'. पोत्याला 'हीव्हड'च शोभतो.

तिखट_शेव
म्हणजे आपलं धुळ्याचं पोतं क्षितिजावर दिसलं तर?

यार्डातला
तर समजायचं ट्रक भरून निघाला. आता खरंच शेवभाजी मागवा कोणीतरी.